एम.ए. भूगोल, पण काम आरोग्याचं हवंय

आरोग्य खात्याच्या कंत्राटी भरतीची जाहिरात आली की मी पगाराच्या आधी शैक्षणिक अर्हतेचा रकाना बघते. साथरोगतज्ज्ञ हवा असेल तर एमबीबीएस, बीडीएस नाहीतर आयुषची पदवी आणि वर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. डेटा मॅनेजर हवा असेल तर कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी. प्रकल्प समन्वयकाला एमएसडब्ल्यू चालतं, एमबीए चालतं. भूगोल कुठेच नसतो. कामाचं स्वरूप वाचलं तर मात्र त्यात ‘कार्यक्षेत्राचे नकाशे तयार करणे’, ‘जोखीमग्रस्त वस्त्या निश्चित करणे’ अशी कलमं हमखास असतात. म्हणजे काम आमचं, पण अर्ज दुसऱ्यांनी करायचा.

आपल्याकडे आरोग्य भूगोल नावाची वेगळी पदवी घेऊन बाहेर पडणारे फारच कमी. बहुतेकांचं माझ्यासारखंच असतं. एम.ए. भूगोल, त्यात एखादा पेपर वैद्यकीय किंवा आरोग्य भूगोलाचा, आणि प्रबंधाला गाईड बरे मिळाले तर त्याच दिशेचा विषय. रोग कुठे होतो, कोणाला होतो, दवाखाना कुठे आहे आणि तिथे कोण पोहोचतच नाही, असा एकूण अभ्यास. घरी समजावताना मी एवढंच सांगायचे. आमचे आण्णा वाशीच्या बाजार समितीत माथाडी. कोपरखैरण्यात आमचं घर. त्यांचा प्रश्न सरळ होता, “मग त्यात डॉक्टर कोण? तू का दुसरं कोण?”

प्रबंधासाठी मी नवी मुंबईतली नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं घेतली होती. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात साधारण 50 हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असा निकष आहे. कागदावर तपासायला सोपा. केंद्राभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, आत किती वस्ती येते ते मोजायचं. पण नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्ता आहे, त्याला लागून ट्रान्स-हार्बरचे रूळ आहेत. एका बाजूला सिडकोचे सेक्टर, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी आणि डोंगराच्या पायथ्याच्या झोपडपट्ट्या. वर्तुळ रूळ बघत नाही. सरळ रेषेत चारशे मीटर असलेलं अंतर पादचारी पूल शोधत, तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन चालायचं म्हटलं की दीड किलोमीटर होतं. मी वर्तुळं टाकून दिली आणि प्रत्यक्ष चालायच्या रस्त्यानं अंतरं काढली. नकाशा पार बदलला. या विषयात आपल्याला काहीतरी येतं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

एम.ए. झाल्यावर वर्गातले कुठे कुठे गेले ते थोडक्यात सांगते, कारण भूगोलवाल्यांच्या वाटा साधारण याच. निम्मे एमपीएससीकडे. दोघी प्राध्यापकीची सेट परीक्षा पास होऊन तासिका तत्त्वावर शिकवतात. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणं आणि मानधन निघायची वाट बघणं, हेच चाललंय. एक जण हैदराबादला नेव्हिगेशनच्या नकाशांवर रात्रपाळी करतो. परदेशातल्या एका शहरातल्या वन-वे रस्त्यांची त्याला इतकी माहिती आहे की तिथे टॅक्सी चालवू शकेल. एक ऐरोलीच्या आयटी पार्कात टेलिकॉमच्या फायबर केबलचे नकाशे बनवते. पगार आमच्यात सगळ्यात चांगला तिचाच. आरोग्यात जायचं असं ठरवून बसलेली मी एकटीच.

पहिला धडा कागदपत्रांच्या छाननीत मिळाला. कुठल्या कार्यालयात ते सोडून देऊ. ‘आरोग्य माहिती विश्लेषक’ अशा काहीशा पदासाठी ‘किंवा समकक्ष’ हे दोन शब्द वाचून मी अर्ज केला होता. पात्र-अपात्र यादी लागली, माझ्या नावासमोर ‘अपात्र – अर्हता समकक्ष नाही’. हरकत नोंदवायला गेले तर टेबलावरचे साहेब सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, भूगोल आर्ट्सला येतो ना?” मी गुणपत्रिका पुढे केली. संख्याशास्त्राचे दोन पेपर, जीआयएस म्हणजे संगणकावरचं नकाशाशास्त्र, दूरसंवेदन. त्यांनी ती नीट वाचली, माणूस चांगला होता, आणि म्हणाले, “हे सगळं बरोबर आहे, पण आमच्या यादीत नाही.” त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. यादी त्यांनी थोडीच केली होती?

मुलाखतीत मात्र जॉन स्नो हमखास निघतो. 1854 चा लंडनमधला कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, आणि साथ त्याच पाण्यातून पसरतेय हे दाखवणारा स्नोचा मृत्यूंचा नकाशा. भूगोलाच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. एका संस्थेच्या पॅनेलवरच्या डॉक्टर बाई माझं उत्तर ऐकून हसल्या. “तो डॉक्टर होता, माहितीये ना? भूलतज्ज्ञ. नकाशा काढणारा भूगोलवाला नव्हता.” खरंच आहे. पण त्या गोष्टीत दुसरा एक माणूस आहे, हेन्री व्हाइटहेड. तिथला पाद्री. घरोघरी जाणारा, कोण कोणाच्या घरी राहतं, कोण पाणी कुठून भरतं हे ठाऊक असलेला. आधी त्याला स्नोचं म्हणणं पटलंच नव्हतं. खोडून काढायला म्हणून चौकशी करत गेला आणि साथीचं पहिलं घर बहुधा कोणतं, ते त्यानंच हुडकून काढलं. आणि हॅम्पस्टेडची ती विधवा बाई. राहायला लांब, त्या भागात साथही नाही, तरी कॉलऱ्यानं गेली. का, तर तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ते पाणी गाडीतून घरी आणवायची. तिच्या पत्त्यावर टिंब ठेवलं असतं तर ते टिंब खोटं बोललं असतं. मी बाईंना म्हटलं, “मॅडम, मला स्नोची जागा नकोय, व्हाइटहेडची चालेल.” नोकरी मिळाली नाही, पण त्यांनीच ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेचं नाव सुचवलं, आणि तिथे मी लागले. कराराची मुदत 11 महिने, पगार 25 हजारांच्या आत, पदनाम ‘फील्ड-कम-जीआयएस असिस्टंट’. यातलं ‘फील्ड’ किती आणि ‘जीआयएस’ किती, ते आठवड्यावर अवलंबून.

आता खरं काम. लोकांना वाटतं हॉटस्पॉटचे लालभडक नकाशे बनवणं हे काम. तो भाग तासाभराचा. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, युट्यूबवर शिकता येतं. उरलेला सगळा वेळ पत्ते नीट करण्यात जातो. डेंग्यूच्या रुग्णांची यादी येते एक्सेलमध्ये. नाव, वय, पत्ता, तपासणीची तारीख, निकाल. सिडकोच्या सेक्टरमधले पत्ते गोजिरे. प्लॉट, सेक्टर, नोड. एसएस टाइप, म्हणजे सिडकोच्या घरांचा एक प्रकार, म्हटलं की मला गल्लीसुद्धा कळते, त्या गल्ल्यांतच वाढले मी. मग येतो ‘रा. चिंचपाडा, हनुमान मंदिरामागे, टाकीजवळ’. मग नुसतंच ‘शिवाजीनगर’. शिवाजीनगर नेरूळमध्ये आहे, ठाण्यात आहे, आणि नकाशाच्या सर्च बॉक्सला विचारलंत तर तो तुम्हाला पुण्याला नेऊन सोडतो. गणेशनगर, साईनगर, इंदिरानगर यांची तर मोजदादच नको. पिनकोडवर भरवसा ठेवावा तर अर्ध्या रकान्यात दवाखान्याचा पिनकोड.

सगळ्यात अवघड पत्ते म्हणजे पूर्णपणे बरोबर असलेले. ‘मु. पो. अमुक, ता. पाटण, जि. सातारा.’ आधार कार्डावर गावचा पत्ता, दवाखान्यात कार्ड दाखवलं, ऑपरेटरनं जसाच्या तसा उतरवून घेतला. माणूस तुर्भ्यात तापानं पडलेला आणि नकाशावर टिंब पाटणच्या डोंगरात. आमच्या घरातल्या चौघांपैकी दोघांच्या आधारवर आजही गावचाच पत्ता आहे, त्यामुळे मला हे बघून नवल वाटलं नाही. एक उत्तर भारतीय सहकारी तशा सगळ्या ओळी ‘बाहेरचे रुग्ण’ म्हणून वगळत होता. मी त्याला म्हटलं, थांब, फोन करू. केले. बहुतेक जण इथलेच. कोणी मार्केटच्या गाळ्यावर झोपणारे, कोणी बांधकामाच्या साइटवर. नेमकी तीच माणसं वगळली जात होती, ज्यांच्याकडे पाणी साठवलेले ड्रम जास्त आणि दारावर येणारी फवारणीची टीम कमी.

फोन लागत नाही तेव्हा आशाताई. एका ताईंकडे मी यादी घेऊन गेले, पत्ता वाचायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. “पत्ता नका वाचू. वय सांगा आणि कितवा महिना ते सांगा.” मी म्हटलं, “ताई, ही गरोदर मातांची यादी नाही, डेंग्यूची आहे.” “मग घरात कोण कोण आहे ते सांगा.” दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, “ही खोली आता रिकामी आहे, ते लोक वरच्या आळीत गेले.” त्यांच्या त्या वहीत जेवढा भूगोल आहे तेवढा आमच्या सर्व्हरवर नाही. तरी त्यांचं मानधन ‘कामावर आधारित मोबदला’ या खात्यात आणि माझा पगार ‘तांत्रिक मनुष्यबळ’ या खात्यात. असो.

पत्ते जमले तरी एक मोठं भोक राहतंच. एडिस डास दिवसा चावतो. तो फार लांब उडत नाही, साधारण चारशे मीटरच्या आतला त्याचा संसार. डास चावल्यापासून ताप यायला 4 ते 10 दिवस लागतात. म्हणजे तापाच्या आधीच्या आठवड्यात माणूस दिवसा कुठे होता, हा खरा प्रश्न. यादीत मात्र रात्री झोपायची जागा लिहिलेली. कोपरखैरण्याच्या सेक्टरमध्ये टिंबांचा पुंजका दिसला की महापालिकेची टीम तिथल्या गच्च्या, कुंड्या, फ्रिजमागचे ट्रे तपासते. ते करायलाच हवं. पण त्या टिंबांतले बरेच जण दिवसभर बाजार समितीत नाहीतर एमआयडीसीत असतील तर? माझ्या मनात हे आण्णांमुळेच आलं. पावसाळ्यात त्यांच्या टोळीतले दोघं-तिघं एकदमच आजारी पडायचे आणि राहायला सगळे वेगवेगळ्या सेक्टरात. आम्ही आमच्या चौकशीच्या फॉर्मवर ‘दिवसा कुठे असता’ हा रकाना घातला. एका रकान्यासाठी दोन बैठका झाल्या. “फॉर्म लांबतो” ही हरकत. लांबतोच.

टिंबांचा आणखी एक खेळ आहे, तो नवख्यांना सांगावासा वाटतो. पुंजका जिथे दिसतो तिथे रोग जास्त असेल, किंवा तिथली लॅब इमाने-इतबारे रिपोर्ट पाठवत असेल. सरकारी हिशेबात डेंग्यूची खात्री एलायझा चाचणीनं होते, पट्टीवरच्या झटपट चाचणीनं नाही. ज्या भागातला खासगी डॉक्टर पट्टी लावून औषध देऊन मोकळा होतो, तो भाग नकाशावर छान निरोगी दिसतो. आणि दर काढायचा तर छेद कुठला घ्यायचा? 2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या 11 लाख 20 हजारांच्या आसपास. त्यानंतर जनगणना झाली नाही, पुढची 2027 ची. तोवर ठाण्यात घोडबंदर रोडला जे टॉवर उभे राहिले त्यांतली माणसं कुठल्या छेदात मोजायची, हा वाद आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत रोज चालतो.

कळव्याला काम होतं तेव्हाचं एक सांगते. पारसिकच्या डोंगराच्या उतारावर भास्करनगर, वाघोबानगर. खालून वर चढत गेलेल्या खोल्या, मधे दोन माणसं तिरकी होऊनच जातील अशा पायऱ्या. आम्ही मोबाईलवर जीपीएस घेऊन रिक्षा थांबते तिथपासून शेवटच्या घरापर्यंतचा मार्ग नोंदवत होतो. नकाशावर ती रेघ एवढीशी दिसते. माझ्यासोबतची स्थानिक मुलगी म्हणाली, “इथून बाळंतीण खाली नेताना खुर्चीत बसवून नेतात, चौघं लागतात. रात्री चौघं मिळवायला वेळ जातो.” अंतर मोजायचं आमचं एकक मीटर, तिचं एकक माणसं. मी अहवालात दोन्ही लिहिलं. वरिष्ठांनी ‘चौघं’ काढून टाकायला सांगितलं नाही, याचं मला अजून समाधान आहे.

याच सुमारास एका खासगी रुग्णालयाच्या मार्केटिंग विभागातून फोन आला. पगार दुपटीहून जास्त. काम म्हणजे कुठल्या सेक्टरांतून पेशंट येतात, कुठून येत नाहीत, नवं क्लिनिक कुठे काढावं. तंत्र तेच, सेवाक्षेत्र काढायचं. फक्त मी इतकी वर्षं ‘कोण पोहोचत नाही’ शोधत होते, त्यांना ‘कोणाला परवडतं’ शोधायचं होतं. मी पूर्णवेळ गेले नाही, पण सुटीच्या दिवशी त्यांचं थोडं काम करून दिलं आणि त्या पैशांत लॅपटॉप घेतला. यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. आरोग्य भूगोलातली सगळ्यात स्थिर नोकरी आज बहुधा याच बाजूला आहे, रुग्णालयं आणि आरोग्य विमा कंपन्या. हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

मोठ्या सर्वेक्षणांचं आकर्षण मलाही होतं, आहे. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्द, मग गोवंडी, आणि तिथे देवनारला आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची ती मुख्य संस्था. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली 6 लाख 36 हजारांवर कुटुंबं होती. त्या माहितीसोबत नमुना वस्त्यांची स्थानं मिळायची, पण मुद्दाम सरकवलेली. शहरातलं ठिकाण 2 किलोमीटरपर्यंत, खेड्यातलं सहसा 5 किलोमीटरपर्यंत, म्हणजे कोणाचं घर ओळखता येऊ नये. ठाण्यात 2 किलोमीटर सरकवलं की वागळे इस्टेटचं ठिकाण पाचपाखाडीत जातं. त्या आकड्यांवरून गल्लीचा निष्कर्ष काढणारे पेपर मी वाचले आहेत, नावं नको. तिकडे प्रवेश परीक्षा देऊन लोकसंख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली तर भूगोलवाल्याला दारं उघडतात, हे खरं. माझी एक सीनियर तसंच करून आज संशोधन अधिकारी आहे. पण 2025 मध्ये यूएसएडचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा, पैसा थांबला, हे सर्वेक्षण ज्याचा भाग होतं त्या जगभरच्या सर्वेक्षण कार्यक्रमाची चाकं अडली, आणि इथल्या संस्थांमधल्या कितीतरी ‘प्रोजेक्ट’ नोकऱ्या करार संपल्यावर पुढे सरकल्याच नाहीत. परदेशी निधीवरच्या पदासाठी अर्ज करताना आता मी मुलाखतीतच विचारते, पैसा कोणाचा आणि कधीपर्यंतचा. पूर्वी लाज वाटायची.

दुसरं स्वप्न खारघरचं. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक तिथे आहे, तिथे कॅन्सरच्या साथरोगशास्त्राचं काम चालतं. मुंबईची कॅन्सर नोंदणी 1963 पासूनची, देशातली पहिली. तिथेही गाठ शेवटी पत्त्याशीच. लोकसंख्येवर आधारित नोंदणीत त्या भागात किमान एक वर्ष राहिलेला रुग्णच धरायचा. उपचारांसाठी बिहार-बंगालमधून आलेला माणूस खारघरच्या नातेवाइकाचा पत्ता देतो. तो जसाच्या तसा घेतला तर खारघर हे कॅन्सरचं गाव ठरायचं. तिथल्या पदांना अजून माझी अर्हता पुरत नाही. साथरोगशास्त्राची किंवा एमपीएचची जोड लागते, आणि ती घ्यायची तर दोन वर्षं पगाराविना.

ज्युनियर्स विचारतात काय शिकावं. मी सांगते, नकाशाचं सॉफ्टवेअर येतच असेल, त्यावर थांबू नका. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी एक, तेही फक्त माहितीची साफसफाई करण्यापुरतं आलं तरी मुलाखतीत फरक पडतो. साथरोगांची नोंद होते त्या सरकारी आयएचआयपी पोर्टलवर एस, पी आणि एल फॉर्म असतात. संशयित रुग्ण आरोग्य कर्मचारी कळवतो, संभाव्य रुग्ण डॉक्टर कळवतो, खात्रीचा लॅब कळवते. एवढं जरी माहीत असलं तरी समोरचा डॉक्टर सावरून बसतो. आणि मराठी टायपिंग शिका. हसतात सगळे. पण प्रभाग, गावठाण, पाडे यांची नावं इंग्रजीत पाच प्रकारे लिहिलेली असतात. ती जुळवणाऱ्याला कामाला तोटा नाही.

माझा करार मार्चपर्यंत आहे. मुंबई विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, दिली आहे. विषय धरलाय बाजार समितीतल्या कामगारांचा, दिवसाच्या जागेवरून आजाराचा नकाशा. गाईड म्हणतात, विषय चांगला, पण माहिती मिळणार कशी? परवानगीची पत्रं टाकली आहेत. आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, “पत्रं होतील तेव्हा होतील. तू पहाटे पाचला ये, गाड्या लागतात तेव्हा. दहानंतर आलीस तर कोण बोलणार तुझ्याशी? आणि त्या तुझ्या फॉर्ममध्ये पानं कमी कर.”